ढोलकी जपा, ती वर्गणीची आहे

एप्रिल जवळ आला की वस्तीवस्तीतल्या गायन पार्ट्यांची धावपळ सुरू होते. आज या गावाला जयंतीचा कार्यक्रम, उद्या त्या गावाला. गायकाच्या घशाला सगळे जपतात. कोणी खडीसाखर आणून देते, कोणी गरम पाणी देते. पण जिच्या थापेवर सारा मंडप डोलतो त्या ढोलकीला कोण जपते? आम्ही तरी जपत नव्हतो. ठेच लागली तेव्हा शिकलो.

2016 सालची गोष्ट. आमच्या विहाराची पार्टी मुंबईहून अकोल्याकडे निघाली होती. ढोलकी नवी कोरी. महिला मंडळाच्या भगिनींनी महिन्याला दहा-दहा रुपये बाजूला टाकून ती घेऊन दिली होती. त्यांत धुणीभांडी करणाऱ्या होत्या, भाजी विकणाऱ्याही होत्या. निघण्यापूर्वी तालीम झाली. मुंबईच्या दमट हवेत सूर उतरत होता, म्हणून आम्ही ढोलकी चांगली ताणून चढवली आणि तशीच टेम्पोच्या टपावर बांधली. दुसऱ्या दिवशी विदर्भाच्या उन्हात चहाला थांबलो असता टपावरून ‘फट्’ असा आवाज आला. कोणी हातही लावला नव्हता. शाईच्या पानाला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेली होती.

त्या रात्री पेटी आणि टाळ्यांवर कार्यक्रम केला. लोकांनी सांभाळून घेतले. पण परत आल्यावर भगिनींसमोर मान वर होईना. आमचे ढोलकीवाले काका एवढेच म्हणाले, “उन्हाला बोल लावू नका. चूक आपली आहे.”

काकांचे म्हणणे खरे होते. ढोलकीचे, तबल्याचे पान म्हणजे चामडे. चामडे हवेतला ओलावा पिते आणि सोडते. ओल पिऊन ते सैल पडते, सूर उतरतो. कोरड्या हवेत ते आकसते, सूर चढतो. दमट हवेत ताणलेली ढोलकी कोरड्या उन्हात गेली की आधीच्या ताणावर आणखी ताण बसतो आणि पान फाटते. लाकडाचेही तेच. एकदम वाळले की खोडाला तडा जातो. शाई लोखंडाचा कीस, काजळी आणि खळ यांची असते. तीही फार सुकली की तिचे खवले उडतात. म्हणजे नुसते ऊन किंवा नुसता पाऊस एवढा घातक नाही. एका हवेतून दुसऱ्या हवेत झालेला अचानक बदल जास्त घातक आहे.

म्हणून आम्ही आता काही नियम पाळतो. कार्यक्रम संपला की ढोलकीच्या कड्या सरकवून किंवा नट फिरवून दोन्ही बाजूंचा ताण थोडा कमी करायचा. तबला लांबच्या प्रवासाला निघाला तर गठ्ठे चहूबाजूंनी सारखेच, हलके वर घ्यायचे. एकीकडे सैल, एकीकडे घट्ट असे नको. मग सुती खोळ आणि तिच्यावर जुनी गोधडी. गोधडीने ऊन एकदम लागत नाही आणि धक्काही बसत नाही. प्लास्टिकचा कागद फक्त पावसात, तोही गोधडीच्या वरून. मुक्कामाला पोहोचताच तो काढायचा, नाहीतर आतल्या आत घाम धरतो. वाद्य टपावर ठेवायचे नाही. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतही सोडायचे नाही. मांडीवर घ्यावे लागले तरी चालेल. मुक्कामाला गेल्यावर खोळ काढून तासभर सावलीत ठेवायचे, मगच सूर लावायचा.

1 जानेवारीला भीमा कोरेगावला जाणाऱ्या पार्ट्यांना रात्रीच्या दवाचा त्रास होतो. उघड्यावर पान भिजून आवाज बसतो. तेव्हा दोन गाण्यांच्या मध्ये वाद्यावर कापड टाकावे. भिजलेच तर कोरड्या फडक्याने टिपून सावलीत वाळू द्यावे. गॅसवर किंवा तापलेल्या हॅलोजनसमोर धरू नये.

घरातही जागा पाहून ठेवावी. आपली घरे लहान, वर पत्रा. पोटमाळ्यावर उन्हाळ्यात भट्टी आणि पावसाळ्यात चुलीची वाफ. बाहेरच्या भिंतीला ओल असते. आतल्या भिंतीजवळ, जमिनीपासून हातभर उंच फळीवर ठेवावे. वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहारात कार्यक्रम चालूच असतात, पण तेव्हाच हवा सर्वांत दमट असते. नव्या बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नका, खोळीत टाका. सोबत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा, किडीला आवर बसतो. खळीच्या वासाने उंदीर येतात, तेव्हा तोंड बांधलेली खोळ हवी. आठ-पंधरा दिवसांनी ढोलकी बाहेर काढून थोडी वाजवावी. हल्ली फायबरचे पान मिळते. ते पावसाला डगमगत नाही. गोडवा थोडा कमी असला तरी मिरवणुकीला ते बरे.

आणखी एक गोष्ट केली. ढोलकी सगळ्यांची म्हणजे कोणाचीच नाही, असे होत होते. आता दर तीन महिन्यांनी एका घराकडे तिची जबाबदारी असते, आणि वहीत तशी सही घेतो. नवे पान बसवून आणले तेव्हा पहिली पाळी भाजी विकणाऱ्या एका मावशींनी मागून घेतली. त्यांनी शिवलेली खोळ आजही चालू आहे.

1930 च्या दशकात आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार गाण्यातून गेला. पुढे वामनदादा कर्डकांनी तो वसा आयुष्यभर चालवला. या परंपरेतले आपल्या वाट्याला आलेले वाद्य आपल्या निष्काळजीपणाने फुटू नये. या जयंतीला निघण्यापूर्वी एकदा ढोलकीच्या कड्या सैल करून पाहा, बांधवांनो. जयभीम!