लिफीकाठच्या जकात घराचे किस्से

१७८१ च्या एप्रिलमध्ये जेम्स गँडन हा लंडनचा वास्तुकार डब्लिनला उतरला, तेव्हा त्याला पहिली सूचना मिळाली ती कोणाला न भेटण्याची. बोलावणारा माणूस लहान नव्हता. जॉन बेरेसफर्ड हा आयर्लंडच्या महसूल खात्याचा मुख्य आयुक्त. पण त्याच्याच खात्याच्या नव्या जकात घराच्या कामासाठी आलेल्या वास्तुकाराला सुरुवातीचे दिवस तोंड लपवून काढावे लागले. गँडनला त्याच सुमारास रशियातूनही बोलावणे होते. प्रिन्सेस दाश्कोवाच्या शब्दावर तो सेंट पीटर्सबर्गला गेला असता, तर तिथे मानाने राहिला असता. त्याने डब्लिन निवडले.

एवढी लपवाछपवी का, हे कळायला जुने जकात घर कुठे होते ते पाहावे लागते. टॉमस बर्गने १७०७ मध्ये बांधलेली ती इमारत लिफी नदीवर बरीच आत, एसेक्स पुलापाशी होती. मोठ्या जहाजांना तिथवर येणे अवघड, म्हणून माल खालच्या अंगाला पडावांत उतरवून वर आणायचा. इमारतीचे वरचे मजले तर धोक्याचे झाले होते. नवे जकात घर समुद्राच्या बाजूला हवे हे दर्यावर्दी माणसाला पटण्यासारखेच होते. पण जकात घर हलले की व्यापार हलणार, आणि व्यापारामागून शहर सरकणार. जुन्या भागातल्या दुकानांची, घरांची किंमत घसरणार हे तिथल्या व्यापाऱ्यांनी आधीच ओळखले. ज्या बाजूला शहर सरकणार होते, तिथे मोठी जमीन होती ल्यूक गार्डिनरची. हा गार्डिनर बेरेसफर्डचा साडू. बेरेसफर्ड नातेवाइकाचा फायदा पाहतो आहे हा लोकांचा संशय हवेतला नव्हता, आणि गँडनचे काम कितीही आवडत असले तरी हे सांगायलाच हवे.

पायाभरणी ८ ऑगस्ट १७८१ ला गाजावाजा न करता उरकली. तरी विरोध थांबला नाही. नॅपर टँडी हा शहरातला लोकप्रिय पुढारी जमाव घेऊन कामावर चालून गेला आणि कुंपण मोडून टाकले. पुढे युनायटेड आयरिशमेन या क्रांतिकारी संघटनेच्या उभारणीत होता तोच हा टँडी. धमक्यांची पत्रेही येत. गँडन कामावर जाताना तलवार जवळ बाळगी. नकाशाची गुंडाळी आणि तलवार सोबत घेऊन पायाच्या चरांपाशी उभा असलेला वास्तुकार मला या सगळ्या कथेत फार मोलाचा वाटतो. आज आपण दर्शनी बाजूचे खांब पाहतो, तेव्हा ते उभे करणाऱ्याला रोज सकाळी कशाला सामोरे जावे लागे हे दिसत नाही.

माणसांपेक्षा हट्टी निघाली जमीन. जागा नदीतून भराव घालून काढलेली, चर खणला की पाणी. उपसावे तेवढे पुन्हा भरे. कठीण तळ लागण्याची आशा सोडून गँडनने चरांत जाड तुळयांची जाळी अंथरली आणि तिच्यावर दगडी भिंती चढवल्या. ३७५ फूट लांब, २०५ फूट रुंद इमारतीचे ओझे त्या लाकडावर आले. ओल्या मातीत हवा पोचत नाही तोवर लाकूड कुजत नाही, हे जाणून केलेले ते काम होते. जाणकारांनी शंका काढल्या, बेरेसफर्ड ठाम राहिला. डब्लिनमधला मिळेल तो गवंडी या कामावर होता असे म्हणतात. ७ नोव्हेंबर १७९१ ला कारभार सुरू झाला तेव्हा खर्च दोन लाख पौंडांवर गेला होता.

या दहा वर्षांतला माझा सर्वांत आवडता माणूस मात्र गँडन नाही. तो आहे एडवर्ड स्मिथ. मीथ परगण्यातला हा शिल्पकार हेन्री डार्ली या दगडकाम करणाऱ्या मुकादमाकडे शेकोटीच्या चौकटी कोरून पोट भरत होता. तरुणपणी त्याने चार्ल्स लूकस या पुढाऱ्याचा पुतळा केला होता आणि त्याची वाहवाही झाली होती, पण पुढे मोठी कामे चालून आली नाहीत. गँडनने दर्शनी शिल्पांसाठी आधी लंडनच्या आगोस्तिनो कार्लिनीकडे पाहिले. डार्लीच्या शिफारशीवरून स्मिथचे नमुने डोळ्यांखालून गेले आणि गँडनचा विचार पालटला. पुढची अनेक वर्षे गँडनच्या इमारतींवर स्मिथचाच हात फिरला.

त्याची खरी करामत कमानींच्या कळीच्या दगडांवर आहे. चौदा मुखे. तेरा आयर्लंडच्या नद्यांची, एक अटलांटिक महासागराचे. शॅनन, बॉइन, बॅरो, ली, नोर, श्यूर, स्लेनी, ब्लॅकवॉटर, फॉइल, अर्न, बान, लगान, आणि मुख्य दारावर खुद्द लिफी. बाकी सारे दाढीवाले पुरुष, लिफी एकटी स्त्री. केसांत, दाढीत त्या त्या काठचे पीकपाणी गुंफलेले. जकातीच्या इमारतीवर राजाच्या पराक्रमाऐवजी नद्या बसवायच्या ही कल्पना मला विलक्षण वाटते, कारण माल नदीनेच येतो-जातो. वरच्या पट्टीत बैलांची मुंडकी आणि त्यांना जोडणाऱ्या कातड्यांच्या माळा आहेत. गोमांस आणि कातडी हा त्या बंदराचा मोठा व्यापार, तोही दगडात नोंदवून ठेवला आहे.

इमारतीच्या वाट्याला जकातीचे वैभव फार काळ आले नाही. १८०१ पासून आयर्लंडची संसद लंडनच्या संसदेत विलीन झाली, आणि काही वर्षांतच जकातीचा वरिष्ठ कारभारही तिकडे गेला. रिकाम्या दालनांत हळूहळू दुसरी खाती आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे स्थानिक स्वराज्य मंडळ आणि करवसुलीची कचेरी होती. ब्रिटिश राजवटीचे रोजचे कागद याच छताखाली साठत होते.

म्हणूनच आयर्लंडच्या स्वातंत्र्ययुद्धात, १९२१ मध्ये, इमारत नेम धरण्याजोगी ठरली. जगाचे लक्ष वेधणारे काही तरी मोठे व्हायला हवे असा आग्रह स्वातंत्र्यवाद्यांचा पुढारी एमन डी व्हॅलेराचा. आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या डब्लिन ब्रिगेडचा प्रमुख ऑस्कर ट्रेनर स्वतः पाहणीला गेला. हातात सरकारी शिक्क्याचा मोठा लिफाफा धरला आणि मजल्यामजल्यांवरून फिरून आला. कोणी हटकले नाही. सरकारी कचेरीत लिफाफा धरलेल्या माणसाला कोण अडवणार!

२५ मे १९२१, दुपारी एकच्या सुमारास ब्रिगेडचे शंभरावर स्वयंसेवक आत शिरले. रॉकेलचे डबे मालमोटारीतून आले. कारकुनांना खाली एकत्र उभे केले गेले. हल्ल्याच्या सुरुवातीलाच इमारतीचा रखवालदार गोळी लागून मेला. स्वातंत्र्याच्या या लढ्याबद्दल मला आदर आहे, पण हा माणूस कोणत्याही बाजूचा सैनिक नव्हता, आणि त्याचा मृत्यू वगळून हा किस्सा सांगणे मला बरोबर वाटत नाही. एका मजल्यावरचे काम अपुरे राहिले म्हणून माणसांना परत वर पाठवले आणि त्या काही मिनिटांत ब्रिटिशांचा वेढा पडला, असे सहभागी लोक पुढे सांगत. पाच स्वयंसेवक मारले गेले, काही नागरिकही. ऐंशीहून अधिक जण पकडले गेले. कारकून कोण आणि स्वयंसेवक कोण हे ओळखायला हातांना रॉकेलचा वास येतो का ते पाहिले जाई.

अग्निशमन दलाचा किस्सा वेगळाच आहे. बंब लवकर पोचू नयेत म्हणून केंद्रे आधीच ताब्यात घेतली होती. अखेर बंब आले, पण दलातल्या काही जवानांची सहानुभूती स्वयंसेवकांकडे होती. जे कोपरे पेटायचे राहिले होते ते नंतर पेटले, अशा आठवणी त्या जवानांनीच पुढे नोंदवल्या. टाकून दिलेली पिस्तुले गुपचूप उचलून योग्य ठिकाणी पोचवण्याचे कामही त्यांनी केले. आग पाच दिवस धुमसली. घुमट कोसळला, व्यवहार चाले ते भव्य दालन गेले, आणि दगड थंड होताना महिनोन्महिने तडकत राहिले असे सांगतात. दीड महिन्यात, ११ जुलैला, युद्धविराम झाला.

लष्करी दृष्टीने ही मोहीम किती महाग पडली यावर आजही वाद होतो. मला जास्त टोचते ती कागदांची राख. गरिबांसाठीच्या मदतीची, दवाखान्यांची, गावोगावच्या कारभाराची दफ्तरे गेली. पुढल्याच वर्षी यादवी युद्धात फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या इमारतीच्या आवारातले अभिलेखागार स्फोटात उडाले. फोर कोर्ट्सही गँडनचीच. शतकांची कागदपत्रे हरवलेल्या देशात आपल्या पणजोबांचा माग काढणाऱ्या माणसाला आजही त्या दोन घटनांपाशी थांबावे लागते.

स्वतंत्र आयर्लंडच्या नव्या सरकारने जकात घराची इमारत पाडली नाही, हे त्याचे मोठेपण. १९२८ पर्यंत सार्वजनिक बांधकाम खात्याने ती पुन्हा उभी केली. मूळ बांधकामाला इंग्लंडचा फिकट पोर्टलँड दगड वापरला होता. नव्या घुमटाला मीथमधला आर्डब्राकन चुनखडक घेतला, आणि तो काळपट आहे. काही वास्तुतज्ज्ञ या विसंगतीवर नाराज असतात. मला ती हवीच वाटते. १९८० च्या दशकात आगीने दुबळे झालेले चिरे आणि आतून गंजून फुगलेले लोखंड यांमुळे पुन्हा मोठी दुरुस्ती निघाली, ती इमारतीच्या द्विशताब्दीच्या, १९९१ च्या सुमारास संपली.

इमारत नीट पाहायची तर दक्षिण काठावर, अगदी समोर उभे राहावे. ओकॉनेल पुलावरून पाहिले तर मध्ये १८९१ चा रेल्वेचा पूल आडवा येतो. मग नदी ओलांडून जवळ जावे आणि कमानींवरची मुखे एकेक ओळखावीत. जुने आयरिश लोक ती लगेच ओळखत, कारण १९२८ पासून निघालेल्या नोटांच्या मागे हीच मुखे छापलेली असत. त्यांत लगान आणि बानही होत्या. आयर्लंडच्या फाळणीनंतर या दोन्ही नद्या सीमेपलीकडे, ब्रिटिश ताब्यातल्या उत्तर आयर्लंडमध्ये राहिल्या होत्या. तरी स्वतंत्र आयर्लंडच्या पैशावर त्या पुढे सत्तरच्या दशकापर्यंत फिरत राहिल्या, स्मिथने कोरल्या तशाच.