विरळणीची बल्ली आणि कायमचे बांधकाम

लष्करात एखादे घर उठत असले की तेथे बल्ली हमखास दिसते. स्लॅबखाली टेकू म्हणून, परांचीचा खांब म्हणून ती चार-सहा महिने राबते आणि अखेर चुलीत जाते. इमारतीत तिला कायमचे स्थान देण्याचा विचार क्वचितच होतो.

ही बल्ली येते कोठून? सागाची रोपे दोन-दोन मीटरांवर लावली तर हेक्टरी २५०० बसतात. ती सारीच राहू दिली तर कोणतेच झाड धड पोसत नाही. म्हणून काही वर्षांच्या अंतराने मधली झाडे काढावी लागतात. वनखाते यास ‘विरळणी’ म्हणते. निघालेल्या मालास भाव नसला की विरळणी लांबणीवर पडते आणि उरलेले वन काटकुळे राहते. बल्लीचा प्रश्न म्हणजे जंगलाच्या प्रकृतीचाही प्रश्न आहे. (श्योपूर-शिवपुरीकडील करधईवर डोळा ठेवून मात्र हे लिहिलेले नाही, ती फार हळू वाढते.)

बल्ली हाती आली की ती चौरस चिरून घेण्याचा मोह होतो, आणि तेथेच घात होतो. दहा सेंटिमीटर व्यासाच्या बल्लीतून फार तर सात सेंटिमीटरचा चौरस निघतो. ३६ टक्के लाकूड वाया जाते. वाकण्यास तोंड देणारी ताकद मूळच्या सुमारे ६० टक्के आणि ताठपणा अवघा ४२ टक्के उरतो. हे केवळ भूमितीचे गणित झाले. शिवाय गाठीला वळसा घालून गेलेले तंतू करवत तोडते. गोल लाकडात ते अखंड राहतात.

उणिवाही आहेत. कोवळ्या बल्लीत रसकाष्ठ अधिक, त्यामुळे वाळवी आणि भुंगेरे तिच्यावर तुटून पडतात. सागाचे नाव येथे कामास येत नाही. मात्र हेच रसकाष्ठ औषध उत्तम शोषते. ताज्या तोडलेल्या बल्लीच्या बुंध्याकडून द्रावण सोडले तर ते आतील रस पुढे ढकलीत शेंड्यापर्यंत पोहोचते. या कामी जगभर वापरले गेलेले तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांचे मिश्रण आपल्याच डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंटी कामेसन यांनी १९३३ मध्ये सिद्ध केले. आर्सेनिकच्या विषारीपणामुळे घरासाठी आता बोरॉनयुक्त द्रावण बरे. परंतु ते पावसात धुपते, तेव्हा लाकूड छपराखालीच हवे.

दुसरी अडचण जोडाची. दोन गोल लाकडे एकमेकांस जेमतेम टेकतात, आणि टोकाशी खिळा ठोकला की चीर जाते. इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात हूक पार्क येथे लाकूडकामाच्या एका शाळेसाठी १९८०च्या दशकात विरळणीच्या स्प्रूस बल्ल्यांची इमारत उभी राहिली. जर्मन वास्तुतज्ज्ञ फ्राय ओटो तीत सहभागी होते. तेथे बल्लीच्या टोकात पोलादी गज राळेने घट्ट बसविला. आपल्याकडे साध्या पडवीस इतका खटाटोप नको. टेकण्याची जागा तासून सपाट करावी, छिद्र पाडून रुंद चकतीचा बोल्ट घालावा, टोकास लोखंडी पट्टी आवळावी.

पाटोरीच्या दगडी फरशांचे ओझे मात्र तिच्यावर टाकू नये. कौले किंवा पत्रा पुरे. आणि खांब जमिनीत पुरू नये. जुन्या वाड्यांतून खांब तळखड्यावर उभा करीत, तसाच करावा. त्यासाठी लागणारा दगड ग्वाल्हेरात कमी नाही.