सलाईनच्या बाटलीत ताकद नसते

ताप उतरतो, अशक्तपणा मात्र राहतो. मग घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘डॉक्टर, एखादं सलाईन लावून टाका, म्हणजे तरतरी येईल.’ पण बाटलीत असतं काय? नॉर्मल सलाईनच्या एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ, बाकी पाणी. उष्मांक शून्य. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्धा लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे फार तर एका पोळीइतकी ऊर्जा. ‘पिवळं सलाईन’ तर अनेकांना जास्त गुणकारी वाटतं. तो रंग त्यात मिसळलेल्या रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाचा. शरीराला नको असलेलं रायबोफ्लेविन लघवीवाटे निघून जातं.

सलाईननंतर बरं वाटतं, हा अनुभव खोटा नाही. शरीरातलं पाणी कमी झालं असेल, तर ते भरून निघाल्यावर हुशारी येणारच. पण तेच पाणी बहुतेकदा तोंडावाटेही देता येतं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली आणि सलाईन अपुरं पडू लागलं. तेव्हा डॉ. दिलीप महलानबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा घातलेलं पाणी पाजायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चारच्या खाली आलं. उलट्या थांबत नसतील, रक्तदाब घसरला असेल, रुग्ण बेशुद्ध असेल, तेव्हा सलाईन प्राण वाचवतं. एरवी ते निरुपद्रवी समजू नये. डेंग्यूत गरजेपेक्षा जास्त दिलं, तर पाणी पोटात आणि फुप्फुसांभोवती साठून श्वास कोंडतो.

‘गोळ्यांपेक्षा शिरेतलं इंजेक्शन भारी’ हा दुसरा समज. जंतुदोष रक्तात पसरून रुग्ण शॉकमध्ये गेला असेल, तर अँटिबायोटिक तासाभरात शिरेतूनच गेलं पाहिजे. तिथे कसूर नको. पण लिनेझोलिड किंवा लिव्होफ्लॉक्सासिनची गोळी जवळजवळ पूर्णपणे रक्तात उतरते. हाडांच्या जंतुसंसर्गाला अनेक आठवडे इंजेक्शनं लागतातच, असं मानलं जाई. ब्रिटनमध्ये हजारावर रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले आणि पहिल्या सहा आठवड्यांत गोळ्या इंजेक्शनांच्या तोडीस तोड ठरल्या. शिवाय हातावरची सुई म्हणजे जंतूंना आत शिरायची वाट. तिच्याभोवती लाली, सूज किंवा ठणका जाणवला, की सिस्टरना लगेच दाखवा.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ‘हायर अँटिबायोटिक’च्या आग्रहाची. मेरोपेनेमसारखी औषधं इतरांना दाद न देणाऱ्या जंतूंसाठी राखून ठेवायची असतात. ती ऊठसूट वापरली, तर त्यांनाही न जुमानणारे जंतू माजतात आणि पुढच्या रुग्णासाठी हाताशी काही उरत नाही. विषाणूंच्या तापावर तर कुठलंच अँटिबायोटिक चालत नाही. म्हणून शक्य तिथे पहिल्या डोसआधी कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्यासाठी, रक्त घेतात, आणि दोन-तीन दिवसांत रिपोर्ट आला की औषध बदलतात किंवा थांबवतात. रिपोर्टनंतर साधं औषध सुरू केलं म्हणजे उपचारात काटकसर केली, असं नातेवाईकांना वाटतं. खरं तर नेमका जंतू सापडल्याची ती खूण असते. राउंडच्या वेळी बेधडक विचारा: कल्चरचा रिपोर्ट आला का? गोळीवर कधी आणणार? सुई आज काढता येईल का?

कोर्स अर्धवट सोडू नये, पण तो लांबवूही नये. साध्या न्यूमोनियात प्रकृती नीट सुधारत असेल, तर अनेकदा पाच दिवस पुरतात. तेवढ्यावर डॉक्टरांनी थांबवलं, तर मेडिकलमधून आणखी एक पाकीट आणू नका.