ठोकळे कंपनीचे, रचना कुणाची?

दिवाळीत सोसायटीच्या आवारात मुले मातीचा किल्ला करू लागली, की त्यांच्या मागे एखादे काका हमखास येऊन उभे राहतात. प्रथम ते केवळ सूचना करतात. मग दरवाजा गोमुखी हवा, असे सांगतात. अर्ध्या तासाने काकांच्या बाह्या सरसावलेल्या असतात, हात कोपरापर्यंत चिखलाने माखलेले असतात आणि मुले कंटाळून घरात गेलेली असतात.

असे काका आणि अशा काकू जगभर आहेत. फरक इतकाच, की त्यांच्या हातात माती नसते, लेगोचे रंगीत ठोकळे असतात. खोक्यावरचे चित्र बाजूला ठेवून ही मंडळी स्वतःच्या कल्पनेतले रेल्वे स्थानक, बंदर, अवकाशयान किंवा अख्खे गाव ठोकळ्यांतून उभे करतात. काही जण आपल्या रचना विकतात, काही त्या घेऊन स्पर्धेत उतरतात आणि अगदी मोजक्यांचे घर त्यावर चालते. वरवर पोरखेळ वाटणाऱ्या या व्यवहारात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. ठोकळा कंपनीचा, पण डोके आणि हात हौशी माणसाचे. मग त्यातून जे निर्माण होते, त्याचे मोल कुणाच्या पदरात पडते?

सुताराच्या कारखान्यातून

डेन्मार्कमधील बिलुंड या लहानशा गावात ओले कर्क क्रिस्तियानसेन या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी करण्यास सुरुवात केली. ‘छान खेळा’ अशा अर्थाच्या डॅनिश शब्दांवरून १९३४ मध्ये ‘लेगो’ हे नाव आले. प्लास्टिकचे ठोकळे १९४९ मध्ये बाजारात आले. मात्र ही कल्पना मूळची लेगोची नव्हे. हिलरी फिशर पेज या ब्रिटिश गृहस्थाच्या ‘किडीक्राफ्ट’ ठोकळ्यांवरून ती घेतलेली होती. किडीक्राफ्टचे हक्क लेगोने पुढे १९८१ मध्ये विकत घेतले. ज्या उद्योगात आज ‘नक्कल कुणाची’ यावरून खटले चालतात, त्याच्या मुळाशी असा इतिहास आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

लेगोची स्वतःची भर पडली ती २८ जानेवारी १९५८ रोजी. ठोकळ्याच्या वरच्या गोल उंचवट्यांना ‘स्टड’ म्हणतात. खालच्या ठोकळ्याचे स्टड पकडून ठेवण्यासाठी वरच्या ठोकळ्याच्या पोटात नळ्या बसवण्याच्या युक्तीचे पेटंट त्या दिवशी दाखल झाले. त्या वर्षीचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. सारा हौशी बाजार या एका गुणावर उभा आहे. जुना ठोकळा मोडीत निघत नाही. तो कच्चा माल म्हणून पुन्हा बाजारात येतो.

आणि या कच्च्या मालातून किती रचना होऊ शकतात? आठ स्टडचे, एकाच रंगाचे अवघे सहा ठोकळे परस्परांत ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात, असे कोपनहेगन विद्यापीठातील गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी संगणकाच्या साह्याने मोजून दाखवले. हजारो प्रकारचे भाग आणि डझनावारी रंग हाती आल्यावर काय होत असेल, याचा अंदाज त्यावरून बांधावा.

अंधारयुग आणि पुनरागमन

या छंदाची स्वतःची परिभाषा आहे. प्रौढ चाहत्याला ‘अ‍ॅफॉल’ म्हणतात. ‘अ‍ॅडल्ट फॅन ऑफ लेगो’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून. स्वतः कल्पिलेल्या रचनेला ‘मॉक’, म्हणजे ‘माय ओन क्रिएशन’. आणि दहावी-बारावीच्या वयात खेळणी माळ्यावर गेल्यापासून ती पुन्हा खाली येईपर्यंतची जी वर्षे जातात, त्यांना ‘अंधारयुग’ असे नाव आहे.

हे अंधारयुग संपवण्याचे श्रेय बव्हंशी इंटरनेटला जाते. जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन तरुणाने १९९५ मध्ये ‘एलड्रॉ’ ही आज्ञावली तयार केली आणि ठोकळे हाती न घेता संगणकावर रचना करण्याची सोय झाली. १९९८ मध्ये लेगोने ‘माइंडस्टॉर्म्स’ हा यंत्रमानवाचा संच काढला, तेव्हा चाहत्यांनी त्यातील आज्ञावली थोड्याच काळात उलगडली. कंपनीने न्यायालयाची पायरी चढण्याऐवजी त्यांना मुभा दिली. पुढची आवृत्ती तर चाहत्यांना बरोबर घेऊनच घडवली गेली. ती २००६ मध्ये बाजारात आली. या कामासाठी प्रथम निवडलेल्या चौघांना मोबदला काय मिळाला? लेगोचे काही संच आणि नव्या यंत्राचे नमुने. डेन्मार्कच्या विमानप्रवासाचा खर्चही त्यांनी स्वतःच्या खिशातून केला, आणि तोही आनंदाने!

याच सुमारास, २००३ आणि २००४ मध्ये, लेगो कंपनी मोठ्या तोट्यात होती. त्यातून सावरताना प्रौढ ग्राहक हा लहर म्हणून येणारा पाहुणा नव्हे, हे तिला उमगले. २००७ मध्ये प्रौढांसाठी शहरी इमारतींची मालिका सुरू झाली. २००८ मध्ये ताजमहाल आला. त्यात ५,९२२ भाग होते. २०२० पासून खोक्यांवर ‘१८ वर्षांवरील’ असा शिक्का दिसू लागला.

पाडण्याची तयारी

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, ठोकळ्यावर ठोकळा ठेवत गेले की झाले. प्रत्यक्षात चांगल्या मॉकची सुरुवात प्रमाणापासून होते. १९७८ पासून मिळणाऱ्या इवल्याशा मानवाकृतीला साजेसे दार किती उंच, मग घर किती उंच, हे आधी ठरते. त्यानंतर संगणकावर आराखडा तयार होतो. अनेक जण त्यासाठी ‘स्टुडिओ’ ही मोफत आज्ञावली वापरतात. कोणता भाग कोणत्या रंगात कधी निघालाच नाही, हेही तिथे तपासता येते.

खरे कौशल्य लागते ते स्टड लपवण्यात. ठोकळे आडवे, तिरपे, प्रसंगी उलटे बसवून गुळगुळीत भिंत किंवा गोलाकार घुमट साधावा लागतो. मोठ्या रचनेच्या पोटात दांड्या आणि खिळ्यांचा वेगळा सांगाडा उभारावा लागतो. नाहीतर स्वतःच्या वजनाने ती खचते. ज्या जोडणीमुळे भागावर ताण येतो, तिला या वर्तुळात चक्क ‘बेकायदा जोड’ म्हणतात. तपासायला कुणी येत नाही, पण जाणकाराची नजर चुकत नाही. गोंद लावणे हौशी माणसाला कमीपणाचे वाटते. प्रदर्शनासाठी गावोगाव फिरणारी व्यावसायिक शिल्पे मात्र बहुधा चिकटवलेली असतात. एकंदरीत दोनदा पाडून तिसऱ्यांदा उभारण्याची तयारी हवी.

विक्रीच्या वाटा

या छंदातून पैसा येण्याच्या वाटा ढोबळमानाने चार आहेत.

पहिली वाट सुट्या भागांची. नवे संच घाऊक घ्यायचे, ते फोडायचे, भाग रंग-आकाराप्रमाणे निवडून डब्यांत भरायचे आणि नगावर विकायचे. धान्य निवडण्यासारखे हे चिकाटीचे काम आहे. डॅन येझेक याने २००० मध्ये ‘ब्रिकलिंक’ या नावाने पुढे प्रसिद्ध झालेले संकेतस्थळ सुरू केले आणि जगभरातील अशा छोट्या दुकानदारांना एक पेठ मिळाली. येझेक २०१० मध्ये निवर्तला. २०१९ मध्ये ती पेठ लेगो कंपनीनेच विकत घेतली.

दुसरी वाट आराखड्याची. भाग ज्याचे त्याने आणावेत. रचनाकार केवळ पायरी-पायरीने सांगणारी सूचनापुस्तिका विकतो. येथे भांडवल जवळजवळ लागत नाही आणि रचनाकाराच्या डोक्याला थेट दाम मिळतो.

तिसरी वाट कंपनीच्या दारातून जाते. जपानमध्ये २००८ मध्ये सुरू झालेला आणि २०१४ पासून ‘लेगो आयडियाज’ या नावाने चालणारा उपक्रम कुणाही प्रौढाला आपली रचना मांडू देतो. तिला दहा हजार लोकांचा पाठिंबा मिळाला, की कंपनीची समिती ती तपासते. बहुसंख्य रचना येथेच बाद होतात. जी निवडली जाते, तिच्या निर्मात्याला निव्वळ विक्रीच्या एक टक्का रक्कम आणि संचाच्या दहा प्रती मिळतात. अपोलो मोहिमांचे ‘सॅटर्न ५’ अग्निबाण याच मार्गाने २०१७ मध्ये दुकानांत आले. त्यात नेमके १,९६९ भाग होते. माणूस चंद्रावर उतरला त्या वर्षाइतके. दहा हजार रुपयांच्या निव्वळ विक्रीमागे शंभर रुपये, असा हा हिशेब आहे. कारखाना, साचे, वितरण आणि जोखीम कंपनीची, हे मान्य करूनही कल्पनेचा वाटा किती असावा, हा प्रश्न उरतोच.

चौथी वाट पूर्णवेळ व्यवसायाची. न्यूयॉर्कमधील नेथन सवाया हे कंपनी कायद्याची वकिली करत. २००४ मध्ये ती सोडून त्यांनी ठोकळ्यांची शिल्पे घडवण्यास वाहून घेतले. त्यांचे ‘द आर्ट ऑफ द ब्रिक’ हे प्रदर्शन २००७ पासून देशोदेशी गेले. ऑस्ट्रेलियाचे रायन मॅकनॉट संगणक क्षेत्रातून याच मार्गाने आले. लेगो अशा काही व्यावसायिकांना ‘प्रमाणित’ दर्जा देते. पण ते कंपनीचे नोकर नसतात. कामे मिळवणे, माणसे नेमणे, भाडे भरणे सारे त्यांचे त्यांनाच करावे लागते. अशांची संख्या जगात अगदी थोडी आहे. नोकरीचा राजीनामा लिहिण्यापूर्वी हे लक्षात घेतलेले बरे.

स्पर्धेचे मैदान

अमेरिकेत सिएटल येथे २००२ पासून, तर शिकागो परिसरात २००७ पासून चाहत्यांची मोठी संमेलने भरत आली आहेत. तेथे मिळणारे बक्षीस म्हणजे बहुधा ठोकळ्यांनीच बांधलेले मानचिन्ह; खरी कमाई असते ती समव्यवसायींनी खाली वाकून आपल्या रचनेची जोड न्याहाळण्याची. दूरचित्रवाणीने या स्पर्धेला वेग आणि पैसा दिला. ‘लेगो मास्टर्स’ हा कार्यक्रम २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये, २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियात आणि २०२० मध्ये अमेरिकेत सुरू झाला. अमेरिकी आवृत्तीत दोघा-दोघांच्या जोड्या एक लाख डॉलरच्या बक्षिसासाठी घड्याळाशी झुंजतात. पूल बांधायचा तर त्यावर वजने ठेवून तो मोडेपर्यंत परीक्षा होते. त्या कार्यक्रमाच्या परीक्षकांपैकी जेमी बेरार्ड हे स्वतः पूर्वी हौशी चाहते होते. त्यांच्या रचना पाहूनच कंपनीने त्यांना नोकरी दिली.

कुंपण कुठे घालायचे?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ठोकळ्याचे मूळ पेटंट केव्हाच संपले. ठोकळ्याचा आकार आपला व्यापारचिन्ह म्हणून राखून ठेवण्याचा लेगोचा प्रयत्न कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात २००५ मध्ये आणि युरोपीय न्यायालयात २०१० मध्ये फसला. जो आकार केवळ तांत्रिक काम करतो, त्यावर कायमची मालकी सांगता येत नाही, हे त्यामागचे सूत्र. त्यामुळे कुणीही ठोकळे बनवू शकतो. अख्ख्या संचाची आणि खोक्याची नक्कल करणे मात्र गुन्हा ठरते. ‘लेपिन’ या नावाने तसे करणाऱ्या चिनी टोळीच्या म्होरक्याला शांघायच्या न्यायालयाने २०२० मध्ये सहा वर्षांची कैद आणि नऊ कोटी युआन दंड ठोठावला.

परंतु या खटल्यामागे एक बलाढ्य कंपनी उभी होती. नकली माल करणाऱ्या कारखान्यांनी केवळ कंपनीचेच संच उचलले असे नव्हे; हौशी रचनाकारांची मॉकही त्यांनी खोक्यात भरून विकली. सहा महिने रात्री जागून केलेली रचना, निर्मात्याचे नावही न लावता, परक्या देशात विकली जात असल्याचे एके दिवशी त्याला समजते. सूचनापुस्तिकेतील चित्रांवर त्याचा कॉपीराइट असतोही. पण परदेशी वकील लावण्याचा खर्च त्या रचनेच्या आयुष्यभराच्या कमाईहून अधिक होतो. त्याच्या हाती उरते ती बिरादरीची लाज. दुसऱ्याची कल्पना घेतली तर त्याचे नाव सांगावे, हा या छंदातला अलिखित नियम आहे आणि तो मोडणाऱ्याला संमेलनात मान मिळत नाही. कायद्याहून हा नियम अधिक पाळला जातो, पण कारखान्याला लाज नसते.

आपल्याकडे या वाटेवर आणखी एक टप्पा लागतो. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक चिन्हही सक्तीचे झाले. देशी उद्योगाला बळ देण्याचा हेतू त्यामागे होता. परंतु युरोपातील एखाद्या दुकानातून दोनशे करड्या कौलांची पुडी मागवू पाहणाऱ्या मुंबई-पुण्याच्या छंदिष्टाला भागांपेक्षा टपालखर्च आणि करच अधिक जाणवतो. त्यामुळे आराखडा विकण्याची दुसरी वाट त्याच्यासाठी सर्वांत सोयीची ठरते. त्या वाटेवर सीमा ओलांडते ती केवळ कल्पना. आणि चोरीला जाण्याची भीती सर्वाधिक असते तीही तिलाच.

दिवाळी सरली की काकांचा किल्ला पावसाची वाट न पाहताच ढासळतो. त्याची खंत कुणी करत नाही. पुढच्या वर्षी माती असतेच. ठोकळ्यांची रचनाही अशीच केव्हातरी मोडली जाते आणि भाग पुन्हा डब्यात जातात. उरते ती फक्त रचनेची युक्ती आणि ती कुणाला सुचली त्याचे नाव. या छंदात पैसा कमावणारे थोडेच असतील. पण ते नाव रचनेपासून तुटू नये, एवढी अपेक्षा करण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे.