दोन हात लांब

कोह ताओच्या मे हाट धक्क्याला बोट लागली की हे बेट कशावर जगतं ते कुणी सांगावं लागत नाही. टेम्पोच्या हौद्यात आडवे रचलेले सिलिंडर, दुकानांपुढे दोरीवर टाकलेले वेटसूट आणि पाठीवर भली मोठी सॅक घेऊन डाईव्ह शॉपच्या पाट्या वाचत निघालेली पोरं. थायलंडच्या आखातातलं हे जेमतेम 21 चौरस किलोमीटरचं बेट. 1940च्या दशकात इथं राजकीय कैदी ठेवत. आता जगभरचे बॅकपॅकर आपण होऊन येतात आणि ठरवल्यापेक्षा जास्त दिवस राहतात. डायव्हिंग इथं स्वस्त, पाणी कोमट, आणि ऋतूही आपल्या सोयीचा. पावसामुळे मालवणचं स्कुबा बंद असतं तेव्हा इथला समुद्र बराचसा शांत असतो. इथला खरा पाऊस ऑक्टोबरनंतरचा.

ओपन वॉटर आणि ॲडव्हान्स्ड हे पहिले दोन कोर्स बहुतेक जण करतात. त्यात माणूस स्वतःपुरता बघतो. माझी हवा, माझे कान, माझा मास्क. तिसरा कोर्स रेस्क्यू डायव्हरचा. त्याला गर्दी कमी. नवे मासे दिसत नाहीत, खोल जायला मिळत नाही, फोटोही चांगले येत नाहीत. दिवसभर कुणाला तरी ओढत पोहायचं असतं. माझ्याबरोबर एकच विद्यार्थी होता, सहा फुटांहून उंच डच मुलगा. इन्स्ट्रक्टर फिनलंडची, चाळिशीतली, मोजकं बोलणारी. पहिल्याच तासाला तिनं जे सांगितलं ते ऐकायला जरा विचित्र वाटतं: बुडणाऱ्या माणसाच्या जवळ जाऊ नका. ‘एक जण बुडत असेल तर एकाला वाचवायचं असतं. तू त्याच्या मिठीत सापडलीस तर दोघांना.’

पाण्यात उतरण्याआधी एक दिवस पंख्याखाली, रबरी पुतळ्याच्या छातीवर. या कोर्ससाठी प्रथमोपचार आणि सीपीआरचं प्रशिक्षण गेल्या 24 महिन्यांतलं लागतं. नसेल तर तिथंच करून घेतात. छाती पाच ते सहा सेंटिमीटर दाबायची, मिनिटाला 100 ते 120 वेळा, आणि 30 दाबांमागे दोन श्वास. रस्त्यात हृदय बंद पडून कोसळलेल्या माणसाला नुसती छाती दाबली तरी चालतं, असं हल्ली सांगतात. बुडालेल्याचं तसं नाही. त्याचं हृदय थांबतं ते प्राणवायू संपल्यामुळे, म्हणून त्याला श्वास आधी हवा. पुतळ्याशी झटून घामाघूम झाल्यावर आम्ही रस्त्यावर आलो तर समोरून कोपर-गुडघ्यांना पट्ट्या बांधलेली दोन माणसं लंगडत चाललेली. बेटावर अशा पट्ट्या जागोजागी दिसतात आणि त्यांचा डायव्हिंगशी काडीचा संबंध नसतो. भाड्याच्या स्कूटर आणि तिथले उभे चढ, एवढंच त्यामागचं कारण.

रेस्क्यूचा मोठा भाग बोटीवर, कोरड्या अंगानं होतो. डाईव्ह साइटपर्यंत जाताना आमच्याकडून एकच काम करून घेतलं जाई: बाकीच्या डायव्हरांकडे बघा. कोण अचानक गप्प झालाय? कोण उगाच विनोद करतोय? कुणी तोच पट्टा पुन्हा पुन्हा ओढून बघितला? कुणाचं जॅकेट आजच दुकानातून आलंय आणि त्याचं हवा सोडायचं बटण कुठं आहे हे त्यालाच सापडत नाहीये? पाण्याखालच्या घोळाची सुरुवात बहुतेक वेळा वरच झालेली असते. घट्ट वेटसूट, अर्धाच उघडलेला सिलिंडरचा व्हॉल्व्ह, रात्रीची दारू, किंवा नको असताना मित्रांच्या भिडेखातर मारलेली उडी. अशा माणसाला ‘आज नको, उद्या जा’ म्हणणं हासुद्धा रेस्क्यूच, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड. पाण्यात ओढायला ताकद लागते, पैसे भरून आलेल्या माणसाला थांबवायला तोंड लागतं.

पॅनिकचा सराव मात्र पाण्यातच. साईरीच्या किनाऱ्यासमोर पाय टेकणार नाहीत इतक्या पाण्यात इन्स्ट्रक्टर आमच्यापासून थोडी दूर गेली आणि काही न सांगता सवरता बुडू लागली. मास्क कपाळावर ढकललेला, तोंडातला रेग्युलेटर थुंकलेला, डोळे विस्फारलेले, दोन्ही हातांनी पाणी खाली दाबत ती अदृश्य शिडी चढत होती. हवा रेग्युलेटरमध्ये असताना माणूस तोच काढून का टाकतो, हे पुस्तकात वाचून कळत नाही. जीव घुसमटला की तोंडावर जे असेल ते सगळं ओरबाडावंसं वाटतं. आणि मग त्याला फक्त वर चढायचं असतं, जे हाताला लागेल त्यावर. हाताला सगळ्यात आधी लागतं ते वाचवायला आलेल्याचं डोकं.

म्हणून दोन हात लांब थांबायचं. आपला मास्क डोळ्यांवर, आपला रेग्युलेटर तोंडात किंवा तोंडाशी, जॅकेटमध्ये हवा, पाय पुढे काढलेले, म्हणजे तो अंगावर आलाच तर उलट्या दिशेनं पाय मारून सटकता येतं. तिथून ओरडून हुकूम द्यायचा: जॅकेटमध्ये हवा भर, वजनं सोड! आवाज दणदणीत हवा. पुष्कळदा एवढ्यानं भागतं, कारण घाबरलेल्या माणसाला कुणीतरी पुढची एक गोष्ट सांगायला हवी असते. नाही भागलं तर त्याच्या नजरेसमोरून खाली डुबकी मारायची, पाठीमागून वर यायचं, दोन्ही गुडघ्यांत त्याचा सिलिंडर पकडायचा आणि एका हातानं व्हॉल्व्ह धरून दुसऱ्या हातानं त्याच्या जॅकेटचं हवेचं बटण चाचपायचं. पाठीवर बसलेल्या माणसाला तो काहीच करू शकत नाही. हवा भरली की अंग वर येतं, तोंड पाण्याबाहेर राहतं, आणि हळूहळू डोळ्यांतली ती भीती उतरते.

आणि त्यानं मिठी मारलीच तर? आपल्या रेग्युलेटरमधून श्वास घ्यायचा आणि खाली जायचं. बुडणारा माणूस खाली येत नाही. त्याला वर जायचं असतं. हातभर खाली गेल्याबरोबर पकड सुटते. इन्स्ट्रक्टरनं मानेला घातलेला वेढा इतका घट्ट होता की हा सराव आहे हे विसरायला झालं, पण खाली सरकताक्षणी तिचे हात खरोखरच उघडले.

स्वतःला आधी जपा, हा सल्ला कानाला स्वार्थी वाटतो. थायलंडमध्ये तो कुणी हलक्यात घेत नाही. 2018 मध्ये थाम लुआंगच्या गुहेत 12 मुलं आणि त्यांचा फुटबॉलचा प्रशिक्षक अडकले होते. त्या तेराही जणांना जिवंत बाहेर काढलं, पण त्याआधी, 6 जुलैला, गुहेत सिलिंडर पोचवून परतणारा समान कुनान हा थाई नौदलाचा माजी डायव्हर पाण्यातच गेला. तो तर व्यावसायिक होता. आम्ही सुट्टीवर आलेले.

हरवलेल्या डायव्हरचा शोध हा कोर्समधला सगळ्यात शांत भाग. तो शेवटचा कुठं दिसला, किती वाजता, सिलिंडरमध्ये किती हवा होती, एवढं बोटीवर विचारून घ्यायचं, एकाला बुडबुडे बघायला डेकवर उभं करायचं, मग खाली. कंपास धरून पायाचे पाच फटके, उजवीकडे वळायचं, पाच फटके, पुन्हा उजवीकडे, आता दहा, पुन्हा दहा, मग पंधरा. असा वाढत जाणारा चौकोन वाळूवर आखत जायचं. पाणी गढूळ असेल तर चौकोन लहान. त्या दिवशी आमच्या चौकोनाच्या वाटेत टायटन ट्रिगरफिशचं घरटं आलं. हा मासा आखातातला खरा दादा. अंड्यांवर असला की समोर कोण आहे ते बघत नाही, दातांनी फिन्सचा तुकडा काढतो. त्याची हद्द घरट्यापासून वर वर रुंदावत जाते, त्यामुळे घाबरून वर पळालं तर आपण त्याच्याच हद्दीत राहतो. आडवं निघून जायचं असतं. आम्ही आडवे गेलो, चौकोन मोडला, नव्यानं मोजायला लागलो.

सापडलेल्या बेशुद्ध माणसाला वर आणणं हे दिसायला सोपं. त्याच्या मागे जायचं, रेग्युलेटर तोंडात असेल तर हातानं तिथंच दाबून धरायचा, नसेल तर शोधण्यात वेळ घालवायचा नाही, आणि त्याच्याच जॅकेटमधल्या हवेवर दोघांनी वर यायचं. गोम अशी की दहा मीटरवर पाण्याचा दाब वरच्या दुप्पट असतो. तिथं जॅकेटमध्ये भरलेली हवा पृष्ठभागापर्यंत येताना दुप्पट जागा घेते, आणि शेवटचे काही मीटर दोघंही सुसाट सुटतात. म्हणून वर येताना सारखी हवा सोडत राहावं लागतं, त्याच्या जॅकेटमधली आणि आपल्याही. फुफ्फुसांतली हवाही तशीच फुगते. बेशुद्ध माणसाची मान सरळ ठेवली तर ती आपोआप तोंडावाटे निघून जाते. श्वास कोंडून वर येण्याचा धोका उलट शुद्धीवर असलेल्यालाच जास्त. वेग आवरेनासा झाला तर काय करायचं, या प्रश्नाला इन्स्ट्रक्टरनं सरळ उत्तर दिलं: त्याला सोडून दे, तो वर जाईल, तू सावकाश ये. डच मुलगा बराच वेळ काही बोलला नाही.

वर आल्यावर सुरू होतं ते पाच सेकंदांचं गणित. माणूस उताणा केला, मास्क आणि रेग्युलेटर काढला, दहा सेकंद कान-गाल तोंडाशी नेऊन श्वास बघितला. नाही. बोटीकडे हाक. दोन श्वास. मग दर पाच सेकंदांनी एक श्वास, बोटीपर्यंत, न चुकता. सरावात फुंकर गालावर मारतात, पण मोजणी खरीच असते. या दोन श्वासांच्या मधे त्याला ओढायचंही असतं आणि त्याचं सामान उतरवायचंही. एक, दोन, कमरेची बक्कल, चार, श्वास. एक, दोन, खांद्याची क्लिप, अडकली, सोड, श्वास. एका वेळी एकच बक्कल होते, दुसरीच्या मोहात पडलं की श्वास हुकतो. त्यात प्रत्येक लाटेला त्याच्या तोंडावर हात आडवा धरायचा, नाहीतर आपण हवेऐवजी पाणी भरतो. वजनं गेली, मग सिलिंडर गेला, मग आपलाही सिलिंडर. मी मराठीत मोजत होते. बुडालेल्या माणसाच्या भूमिकेतल्या डच मुलाला संध्याकाळी जेवताना पाचपर्यंतचे आकडे पाठ झालेले होते.

त्याचं वजन पाण्यात जाणवत नाही. शिडीशी पोचलं की सगळं एकदम जाणवतं. पाण्यात तरंगणारा नव्वद किलोचा माणूस शिडीच्या पहिल्या पायरीवर पुन्हा नव्वद किलोचा होतो, आणि ओला, निसरडा, धरायला कुठं कॉलर नाही. आम्ही खालून रेटत होतो ते फुकट जात होतं. बोटीचे म्हातारे कप्तान हे सगळं बघत विडी ओढत बसले होते. सगळे त्यांना ‘लुंग’ म्हणत, म्हणजे आपल्याकडचे काका. ते उठले, वाकून मुलाची दोन्ही मनगटं धरली आणि थांबले. बोट लाटेनं खाली बसली, मुलगा वर उचलला गेला, त्याच क्षणी त्यांनी ओढलं. पाणीच उचलून देतं. कोर्सच्या पुस्तकात हे असेलही, मला मात्र लुंगमुळे कळलं.

शेवटचा धडा ऑक्सिजनचा. घाईनं वर आल्यामुळे डीकंप्रेशनचा त्रास झालेल्या माणसाला शुद्ध ऑक्सिजन दिला की रक्तातला आणि पेशींतला नायट्रोजन भराभर बाहेर पडायला लागतो. बुडता बुडता वाचलेल्यालाही तो हवाच. मिनिटाला 15 लिटर, घट्ट मास्कमधून. म्हणजे 400 लिटरचा सिलिंडर अर्ध्या तासाच्या आत संपतो. कोह ताओवर छोटे दवाखाने आहेत, मोठी इस्पितळं समुई बेटावर, आणि फेरीनं समुई साधारण दोन तास. बोटीवर ऑक्सिजन आहे, हे उत्तर म्हणूनच अपुरं असतं. किती आहे, आणि किनाऱ्यापर्यंत पुरेल का, हे विचारायचं.

आपल्याकडे मालवण, तारकर्ली, गोव्याचं ग्रँड आयलंड किंवा मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी इथं स्कुबा करणारे बरेच जण आयुष्यात पहिल्यांदा आणि बहुधा एकदाच पाण्याखाली जातात. त्यांनी रेस्क्यू शिकावं अशी अपेक्षा नाही. पण बोटीवर चढल्यावर दोन प्रश्न विचारायला काही हरकत नाही: ऑक्सिजन कुठं ठेवलाय आणि तो द्यायला कुणाला येतो? सांगता येत नसेल तर दुसरी बोट बघा. आणि सही करायला जो वैद्यकीय फॉर्म देतात, त्यात सर्रास सगळीकडे ‘नाही’वर खूण करू नका. दमा असेल, फिट येत असेल, कानाचं ऑपरेशन झालं असेल, रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तसं लिहा. डॉक्टरांना विचारून या म्हणाले तर तेवढा दिवस जाऊ द्या.