वडाचें भावंड कुंडींत

वटपौर्णिमेस ज्या वडाची आपल्या घरीं पूजा होते, त्याचेंच एक भावंड कित्येकांच्या ओसरीवर कुंडींत उभें असतें, हें पुष्कळांच्या ध्यानीं येत नाहीं. ज्यास आपण रबराचें झाड म्हणतों, तें वड, पिंपळ व उंबर यांच्याच कुळांतलें. त्याचें एक मूळ घर आसामकडील डोंगराळ मुलूख. ब्राझीलकडील निराळ्या वृक्षापासून रबर काढण्याचा प्रघात पडण्यापूर्वीं याच्याही चिकाचें रबर होत असे. नांव राहिलें तें त्यामुळें. मेघालयांतील खासी लोक याचींच मुळें ओढ्यांपलीकडे नेऊन त्यांचे जिवंत पूल घडवितात. असें दांडगें झाड आपण हातभर कुंडींत वाढवितों, हें ध्यानांत ठेवूनच त्याची निगा राखिली पाहिजे.

आमच्या साताऱ्याच्या वाड्याच्या चौकांत आजीनें लाविलेलें असें एक झाड होतें. वाटणी होऊन वाडा पाडावयाचें ठरलें, तेव्हां तें हालविण्याजोगें राहिलें नव्हतें. बीं मिळण्याचीही आशा नव्हती. या कुळांतील झाडांच्या फळांत पराग पोंचविणारें चिलट ज्याचें त्याचें ठरलेलें असतें. तें जेथें नाहीं, तेथें बीज धरत नाहीं. अर्थात् गुटी कलम हाच एक मार्ग उरला.

तें करणें फारसें अवघड नाहीं. पावसाळ्याच्या आरंभीं बोटाएवढ्या जाड फांदीची बोटभर रुंदीची साल गोलाकार काढावी, चीक ओल्या फडक्यानें पुसावा, आणि जखमेभोंवतीं ओलें शेवाळ ठेवून त्यावर प्लॅस्टिकचा कागद आवळून बांधावा. सुमारें दोन महिन्यांत मुळें दिसूं लागतात. मग फांदी त्यांच्या खालीं कापून कुंडींत लावावी. चिकानें कातडीस खाज सुटते, म्हणून हात लगेच धुवावे. डोळ्यांस तो लागूं देऊं नये, व लहान मुलांस पानें चघळूं देऊं नयेत.

आम्हीं तीन गुट्या बांधिल्या. त्यांपैकीं दोन धरल्या. एक साताऱ्यास काकांच्या बिऱ्हाडीं राहिली, दुसरी आमच्याबरोबर सांगलीस आली. वाटणीच्या वेळीं दोन्ही घरांत जें बोलणें झालें होतें, त्यामुळें पुढें वर्षभर जाणें-येणें बेताचेंच होतें.

साताऱ्याचें रोप तरारलें. आमचें सुकूं लागलें. खालचीं पानें पिवळीं पडून गळूं लागलीं, तसतसें आम्ही अधिक पाणी घालूं लागलों. सकाळीं पूजेहून उठलेल्यानें तांब्याभर घालावें, शाळेंतून आलेल्या मुलांनीं बाटलींतलें उरलेलें ओतावें, आणि आज कोणी घातलेंच नसेल म्हणून वहिनींनीं रात्रीं आणखी घालावें! त्यांत कुंडींत भरलेली माती कृष्णाकांठची काळी, पाणी धरून ठेवणारी. शेवटीं एका कार्यानिमित्त काकू सांगलीस आल्या. त्यांनीं कुंडींत बोट घातलें मात्र, आणि म्हणाल्या, “अरे, हें तहानलेलें नाहीं, बुडतें आहे!”

त्यांनींच रोप उपटून कुजलेलीं मुळें कापिलीं व नवी कुंडी भरून दिली: दोन भाग माती, एक भाग जुनें शेणखत, एक भाग जाड वाळू, आणि तळाच्या भोंकावर खापराचे तुकडे. वरची दोन बोटें माती कोरडी झाल्यावांचून पाणी घालावयाचें नाहीं, आणि घालावयाचें तें एकाच माणसानें, असा त्यांनीं दंडक घातला. पूर्वेच्या खिडकीजवळचें कोंवळें ऊन या झाडास मानवतें; मात्र त्याची जागा वारंवार बदलूं नये. पानांवरील धूळ ओल्या फडक्यानें पुसावी. दोन-तीन वर्षांनीं मुळें तळांतून डोकावूं लागलीं म्हणजे कुंडी बदलावी.

कुंडी पुरेनाशी झाली कीं झाड अंगणांत लावण्याची सूचना घरोघर होते. तो मोह भिंत, विहीर व मोरी यांच्या आसपास तरी आवरावा. या कुळाचा पसारा केवढा होतो, तें आमच्या भागास ठाऊक आहे. साताऱ्याकडील एका वडाचा घेर १८८२ सालीं १,५८७ फूट भरल्याची नोंद आहे. आणि मिरज तालुक्यांतील भोसे येथील जुना वड? महामार्गाच्या कामांत तो तुटणार होता. २०२० सालीं लोकांनीं आवाज उठविला, रस्त्याची आंखणी बदलली, व तो वांचला. परंतु २०२२ सालीं तो उन्मळून पडला. कुऱ्हाड चुकली म्हणजे झाड सुरक्षित झालें, असें होत नाहीं. त्यास सारा आधार मुळांचा.

आमच्या रोपाच्या शेंड्यावर चार महिन्यांनीं तांबडें टोंक दिसलें. याचें नवें पान तांबूस वेष्टनांत गुंडाळलेलें येतें. तें उलगडलें, त्या दिवशीं आम्हीं साताऱ्यास कळविलें. आतां दोन्ही घरचें जाणें-येणें पूर्ववत् झालें आहे. काकू आल्या कीं चहाच्या आधीं त्यांचें बोट कुंडींत जातें, आणि माती कोरडी लागली म्हणजेच त्या आमची पाठ थोपटतात.