भयाची नभोवाणी

राजकीय हिंसेची मीमांसा करताना द्वेषाला फार मोठे स्थान दिले जाते. वस्तुतः शेजाऱ्यावर शस्त्र उगारणारा सामान्य मनुष्य पुष्कळदा द्वेषापेक्षा भयानेच ग्रासलेला असतो, आणि हे भय त्याच्यापर्यंत बातमीच्या रूपाने पोहोचते. रुआंडा या आफ्रिकेतील डोंगराळ देशाचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

ऑक्टोबर १९९० मध्ये तुत्सी निर्वासितांच्या सशस्त्र संघटनेने युगांडातून रुआंडावर चढाई केली. बहुसंख्य हुतू समाजाला तेव्हापासून युद्धाची धास्ती होतीच. मार्च १९९२ मध्ये सरकारी नभोवाणीने एक पत्रक पुनःपुन्हा वाचून दाखविले. हुतू पुढाऱ्यांना ठार मारण्याचा कट तुत्सींनी रचला आहे, असा इशारा नैरोबीच्या एका मानवी हक्क संघटनेने दिल्याचे त्यात म्हटले होते. पत्रक बनावट होते. परंतु त्यानंतर बुगेसेरा भागात शेकडो तुत्सींची हत्या झाली. ज्यांना मारावयाचे तेच आपल्यावर टपले आहेत, असे एकदा मनावर ठसले की आक्रमणाला स्वसंरक्षणाचे रूप येते, आणि एरवी भित्रा असलेला मनुष्यही आपण कर्तव्य बजावीत आहोत असे मानू लागतो.

सरकारी माहिती खात्याचे संचालक फर्डिनांड नहिमाना यांना या प्रकरणानंतर पद सोडावे लागले. जुलै १९९३ मध्ये सुरू झालेल्या 'आरटीएलएम' या खाजगी केंद्राच्या संस्थापकांत मात्र तेच होते. हे केंद्र लोकप्रिय संगीत ऐकवी, श्रोत्यांशी रोजच्या बोलीत गप्पा मारी. त्या हास्यविनोदातच तुत्सींना 'झुरळे' म्हटले जाई. भयाला नेहमी असत्यच लागते असेही नाही. ऑक्टोबर १९९३ मध्ये शेजारच्या बुरुंडीत हुतू राष्ट्राध्यक्षांची तुत्सी सैनिकांनी खरोखरच हत्या केली. ६ एप्रिल १९९४ रोजी रुआंडाच्या राष्ट्राध्यक्षांचे विमान पाडले गेल्यावर तर हे केंद्र माणसांची नावे आणि ठिकाणेच सांगू लागले. सुमारे शंभर दिवसांत निदान पाच लाख माणसे मारली गेली. काही अंदाज याहून बरेच अधिक आहेत.

तथापि सारा दोष नभोवाणीच्या माथी मारणे सोपे असले तरी यथार्थ नाही. डोंगरांमुळे अनेक खेड्यांत तिचा आवाज पोहोचतच नव्हता. कत्तली तेथेही झाल्या. शिक्षा भोगणाऱ्यांच्या मुलाखती घेणाऱ्या स्कॉट स्ट्रॉस या अभ्यासकाला युद्धाचे भय आणि आपल्याच माणसांचा दबाव ही कारणे अधिक प्रबळ आढळली. सैन्य, स्थानिक अधिकारी आणि पक्षांच्या टोळ्या यांच्यावाचून हे हत्याकांड घडले नसते.

आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मध्ये नहिमाना यांना जन्मठेपेची शिक्षा दिली. २००७ मध्ये अपिलात ती ३० वर्षांवर आली. ६ एप्रिलपूर्वीचे प्रक्षेपण म्हणजे नरसंहाराची प्रत्यक्ष चिथावणी होती, हे अपील-न्यायाधीशांना निःसंशय सिद्ध झालेले वाटले नाही.